बेटावर गेलेला मोबाइल आणि घरचा नंबर

दळणवळणाच्या साधनांवर निबंध लिहावयाचा म्हटले की आपण विद्यार्थी बहुधा कबुतरापासून सुरुवात करतो आणि टपाल, तार, टेलिफोन असे टप्पे घेत मोबाइलपाशी येऊन थांबतो. मीही दहावीत असाच निबंध लिहिला होता व त्याला बरे गुण मिळाले होते. परंतु हा मोबाइल परदेशात, त्यातही चहूकडून समुद्र असलेल्या एखाद्या बेटावर गेला म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न त्या निबंधात नव्हता. तो मला गतवर्षी एका म्हाताऱ्या बाईच्या मोडलेल्या हाडामुळे पडला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा, मला जमला तेवढा, अभ्यास आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी मूळची पैठण तालुक्यातील. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिक्षणासाठी बजाजनगरला मामांकडे राहते आणि दुपारनंतर त्यांच्या मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसते. शासनाच्या कागदावर या वस्तूला भ्रमणध्वनी म्हणतात. आमच्या काउंटरवर मात्र आजवर कोणी भ्रमणध्वनीचे नाव काढलेले नाही. ‘नेट मार’, ‘बॅलन्स मार’, ‘रेंज येत नाही’ ही आमची परिभाषा. वाळूजच्या कारखान्यांत काम करणारे लोक हे आमचे मुख्य गिऱ्हाईक.

आता कोणी म्हणेल, या लोकांचा परदेशातील बेटांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो कपाशीच्या बियाण्यातून आला आहे. खते, बियाणे व औषधे विकणाऱ्या कंपन्या ठरलेला माल उचलणाऱ्या दुकानदारांना परदेशी सहलीचे बक्षीस देतात. जालना व आपला जिल्हा हा बियाण्यांच्या व्यापाराचा पट्टा. त्यामुळे ज्या माणसाने समुद्र म्हणून फक्त मुंबईची चौपाटी, तीही एकदाच, पाहिली आहे, तो उठून बालीला जाऊन येतो. या सहली बहुधा मार्चअखेर निघतात. रब्बी उरकलेली असते, खरिपाचा माल दुकानात यायला अवकाश असतो.

आमच्या गावचे कृषी सेवा केंद्राचे मालक असेच निघाले होते. त्यांना मी काका म्हणते. आमच्या वडिलांचे उधारीचे खाते त्यांच्याकडे आहे. पेरणीला बियाणे न्यायचे आणि कापूस विकला की फेडायचे. नाथषष्ठीची यात्रा उरकल्यावर, मार्च २०२५ मध्ये, काका दुकानात आले. म्हणाले, “पोरी, तू कॉलेजात जातीस. तिकडं फोनचं कसं करायचं ते सांग.” मामा बाजूला उभे होते. गावातला मोठा माणूस आपल्या भाचीला विचारतो आहे, याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. मलाही झाला. त्या आनंदाच्या भरात मी विचार न करता बोलले.

माझ्या डोक्यात एक जुने उदाहरण होते. एका गिऱ्हाइकाने परदेशात आपल्याच सिमवर नेट चालू ठेवले आणि परतल्यावर त्यास एवढे बिल आले की तो आमच्याशीच भांडायला आला. म्हणून मी काकांना सांगितले, “आपले सिम काढून पाकिटात ठेवा. उतरल्यावर विमानतळावर तिथले सिम घ्या. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहते, कोणाला काही कळणारसुद्धा नाही.” काकांच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमच्या जागी भजनांचे मेमरी कार्ड होते, ते काढायचे नव्हते. सल्ला त्यांना पटला. तो निम्मा बरोबर होता, हेच त्याचे दुखणे. पूर्ण चुकीचा असता तर पहिल्याच दिवशी उघडकीस आला असता.

पहिले दोन दिवस सगळे उत्तम. काकांचे समुद्रकाठचे फोटो गावभर फिरले. २९ मार्चला, शनिवारी, अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी सातच्या सुमारास काकांच्या आई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्यांना शहरात एका खाजगी रुग्णालयात आणले. अनामत भरा, शस्त्रक्रियेला संमती द्या, असे सुरू झाले. घरात काकी आणि बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला मुलगा. खाते काकांच्या नावावर. काकांच्या नंबरावर फोन लावला की बंद. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला की एकच टिक. तासामागून तास एकच टिक. साडेनऊला तो मुलगा दुकानात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, पप्पांचं सिम तूच काढायला लावलं ना?”

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. काकांकडे तिथला नवा नंबर होता, परंतु तो त्यांनी कोणालाच कळवला नव्हता. कशाला कळवतील? कोणाला कळणारसुद्धा नाही, हे मीच सांगितले होते.

शेवटी काकींना सहलीच्या कार्यक्रमाचा कागद आठवला. तो गावी देवघरात ठेवलेला. शेजारच्या मुलाकडून त्याचा फोटो मागवला. त्यावर हॉटेलचा टेलिफोन नंबर होता, ६२ आणि ३६१ ने सुरू होणारा. पहिले आकडे इंडोनेशियाचे, पुढचे बालीतील देनपसार भागाचे. मामांच्या फोनवर परदेशी कॉलचे रिचार्ज मारले आणि मी नंबर फिरवला. इंग्रजी मी बारावीपर्यंत शिकले आहे, परंतु इंग्रजीत फोनवर बोलण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिला प्रसंग. “इंडिया कॉलिंग, मदर हॉस्पिटल, प्लीज गिव्ह फोन” एवढेच मला सुचले. पलीकडील बाई कुजबुजल्यासारखी बोलत होती. समुद्रामुळे आवाज बारीक येत असावा, असे मला वाटले. तिने काकांच्या खोलीत फोन जोडून दिला. काका म्हणाले, “इथं काय झालंय कळंना. बाहेर जाऊ देत न्हाईत, लाईट लावू देत न्हाईत, नेट बंद हाय. कर्फ्यू लागला म्हणून आम्ही सगळे पत्ते खेळत बसलोय.”

तो कर्फ्यू नव्हता. बालीचे लोक बहुसंख्येने हिंदू आहेत आणि तो त्यांचा नववर्षाचा दिवस होता. त्यास न्येपी म्हणतात. आदल्या रात्री भुताखेतांच्या प्रचंड प्रतिमांची वाजतगाजत मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून संपूर्ण बेट चोवीस तास मौन पाळते. अग्नी व दिवा लावायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक करायची नाही, असे चार निषेध. विमानतळसुद्धा बंद असतो. रस्त्यावर फक्त गावचे रक्षक फिरतात. रुग्णालयांना मोकळीक असते. २०१८ पासून या मौनात आणखी एक गोष्ट आली: सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत मोबाइलचे नेट बंद ठेवतात. बालीचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेतीनलाच काकांचे नेट गेलेले होते. मात्र साधा फोन व एसएमएस त्या दिवशीही चालू राहतो. माझ्या सल्ल्याचा निकाल येथेच लागला. जी वाट बंद होणार होती तिच्यावर मी काकांना सर्वस्वी अवलंबून ठेवले होते आणि जी उघडी राहणार होती ती पाकिटात घालायला लावली होती.

सुट्टीनंतर आमच्या भूगोलाच्या सरांना मी हे सांगितले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, “न्येपी कोणत्या शकाप्रमाणे मोजतात, पाहिलेस का?” मी पाहिले. तो शक संवत आहे! इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा. आपल्या पंचांगावर ‘शालिवाहन शके’ म्हणून छापलेला असतो तोच. २९ मार्च २०२५ ला बालीत शके १९४७ उजाडले आणि ३० मार्चला, पाडव्याला, आपल्याकडे तेच १९४७ उजाडले. पुढल्या वर्षाचा आरंभ तर दोन्हीकडे १९ मार्च २०२६ या एकाच दिवशी येतो. परंपरा या शकाचे नाते पैठणच्या शालिवाहनाशी जोडते. इतिहासकारांत त्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत आणि त्यात मी पडत नाही. परंतु ज्या गावच्या शालिवाहनाच्या नावाने आपण वर्षे मोजतो, त्या गावच्या तालुक्यातील माणूस हजारो मैलांवर त्याच कालगणनेच्या पहिल्या दिवशी अडकून पडावा आणि त्यास तो कर्फ्यू वाटावा, याचे मला अजून नवल वाटते. असो.

मूळ विषयाकडे वळते. आपण ‘मोबाइल चालू आहे’ असे म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलत असतो: नंबर चालू असणे आणि नेट चालू असणे. घरी असताना दोन्ही एकाच सिममधून येतात, म्हणून हा भेद लक्षात येत नाही. परदेशात पाऊल ठेवताच तो उघडा पडतो.

नंबराचे काम असे चालते. प्रत्येक सिमला आपल्या दहा आकडी नंबराहून वेगळा असा एक ओळखक्रमांक असतो, साधारणपणे पंधरा आकडी. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ व ४०५, इंडोनेशियाचे ५१०. विमानातून उतरून फोन चालू केला की तो तिथल्या टॉवरला हा क्रमांक दाखवतो. पुढे घडते ते लग्नमांडवात घडते तसेच. अनोळखी माणूस दिसला की यजमान विचारतात, पाहुणे कोणाकडचे? तिथली कंपनी भारतातील कंपनीला विचारते, हा तुमचा का, याला परदेशात बोलण्याची परवानगी आहे का? होय म्हटले तर पाहुण्याला पंगतीत घेतात. यालाच रोमिंग म्हणतात. भारतातील कंपनी आपल्या दप्तरात ‘सध्या मुक्काम अमुक ठिकाणी’ अशी नोंद करून ठेवते. घरून कोणी नंबर फिरवला की कॉल प्रथम भारतातील कंपनीकडे जातो आणि ती नोंद पाहून पुढे वळवला जातो. म्हणूनच परदेशात आलेला फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडतात. आणि सिम पाकिटात असेल तर मुक्कामाची नोंदच होत नाही. फोन करणाऱ्याला ‘बंद आहे’ एवढेच ऐकू येते.

नेटचे तसे नाही. ते कोणाकडूनही घेता येते. तिथल्या सिमवरून घ्या, हॉटेलच्या वायफायवरून घ्या, शेजारच्याच्या हॉटस्पॉटवरून घ्या. व्हॉट्सॲपला त्याचे काही वाटत नाही. एकदा नंबर नोंदला की त्याला फक्त वाट लागते. उलट आपल्या भारतीय सिमवरून तिथे नेट वापरले तर गंमत अशी की, बालीतल्या देवळाचा नकाशा पाहायचा असला तरी ती माहिती बहुधा भारतातील कंपनीमार्फत वळसा घालून येते. दोन कंपन्यांचा हिशेब त्यात मिसळतो आणि पॅक घेतलेला नसेल तर तो आपल्या अंगावर येतो. शिवाय फोन आपणहून किती नेट खातो, याची आपल्याला कल्पना नसते. आपण झोपलेले असताना तो फोटो वर चढवत असतो, ॲप अद्ययावत करत असतो, गावच्या ग्रुपवरचे सुप्रभाताचे व्हिडिओ उतरवत असतो. त्या भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे बहुधा सुप्रभातातच गेले असावेत.

याउलट बँकेचा ओटीपी येतो तो एसएमएसने, म्हणजे नंबराच्या वाटेने. यूपीआयचे खातेही त्याच नंबराला बांधलेले असते. श्रीलंका आणि मॉरिशस या दोन बेटांवर फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे. तेथे तर नेट आणि नंबर दोघांचीही गरज पडते. सिम काढून ठेवणे म्हणजे केवळ बोलणे बंद करणे नव्हे, स्वतःच्या पैशापासून दूर होणे आहे. हे मला ठाऊक असावयास हवे होते. दिवसभर मी दुसऱ्यांचे रिचार्ज मारते आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर ‘वन टाइम पासवर्ड’ वाचते.

त्या शनिवारी पुढे काय झाले ते सांगते. मी बजाजनगरमधूनच काकांच्या भारतीय नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंगचे रिचार्ज मारले आणि हॉटेलच्या फोनवर काकांना सांगितले की तिथले सिम काढा, आपले घाला. सिमचा कप्पा उघडायची सुई त्यांच्याजवळ नव्हती. दात कोरायची काडी जाड पडली. सोबतच्या दुकानदाराच्या बंडीला सेफ्टी पिन होती, तिने जमले. दहाएक मिनिटांत रेंज आली आणि मुलाने लावलेला फोन वाजला. बाप-लेक काही बोलण्याआधी मुलगा रडला, म्हणून मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. नंतर आमच्या संगणकावर बँकेचे पान उघडून रुग्णालयाचे पैसे भरले. ओटीपी बालीत आला आणि काकांनी तो फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे आम्हीच दुकानात लिहून लावले आहे. त्या पाटीखाली बसून आम्ही तो लिहून घेतला. आजींची शस्त्रक्रिया काका परतल्यावर झाली. आता त्या काठी घेऊन हिंडतात.

या अनुभवानंतर मी दुकानातले जुने फोन घेऊन प्रयोग केले, येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारले आणि माझ्यापुरते ठरवले. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम जागच्या जागी राहू द्यावे. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावे, पण त्या सिमचे ‘डेटा रोमिंग’ मात्र बंद करावे. मग फोन आणि एसएमएस येत राहतात आणि नेट गुपचूप वाहून जात नाही. नेटसाठी तिथले सिम घ्यावे. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. ज्यांचे फोन नव्या बनावटीचे आहेत त्यांना ई-सिम घेता येते. त्यात हातात धरण्याजोगे सिम नसतेच. एक चौकोनी क्यूआर कोड टिपला की फोनमधील चकतीतच नवे सिम उतरते. ते घरूनच उतरवून ठेवता येते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनांत मात्र ही सोय नसते, तेव्हा तिचे कौतुक इथे वाढवत नाही.

आणि ज्याचा फोन एकाच सिमचा आहे, किंवा ज्याला या खटपटीतले काही कळत नाही, त्याने चार-पाच दिवसांसाठी आपल्याच कंपनीचे रोमिंग पॅक घ्यावे, असे माझे मत झाले आहे. महाग पडते, हे खरे. पण काकांना मी हेच सांगावयास हवे होते. स्वस्त सल्ला हाच हुशारीचा सल्ला, असे आम्हा गरिबांच्या मुलांना उगीच वाटत असते.

बेटांच्या काही खास अडचणीही आहेत. मुख्य बेटावरून लहान बेटावर होडीने जाताना रेंज मध्येच विरळ होते. बालीजवळ नुसा पेनिदा नावाचे बेट आहे, तिकडे सहलीवाले हटकून नेतात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला तर तो नेटशिवायही दिसतो. मोठ्या प्रवासी जहाजावर किंवा विमानात फोन कधीकधी उपग्रहावर चालणारे जहाजाचे स्वतःचे जाळे पकडतो. त्याचे दर वेगळेच असतात आणि नेहमीच्या पॅकमध्ये ते धरलेले असतीलच असे नाही. तिथे फोन सरळ विमान मोडवर टाकावा.

याहून मोठी गोष्ट समुद्राच्या तळाशी आहे. बेटावरचे नेट आकाशातून येते असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते मुख्यतः तळाशी टाकलेल्या तारांतून येते. आपल्या अंदमानला चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची अशी तार १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. तोवर तिथले लोक उपग्रहाच्या अपुऱ्या नेटवर दिवस काढत होते. लक्षद्वीपला कोचीहून तार पोचली ती जानेवारी २०२४ मध्ये. पॅसिफिक महासागरात टोंगा नावाचे बेटांचे राष्ट्र आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी तेथे समुद्रातील ज्वालामुखी फुटला आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी त्यांची एकुलती एक तार तुटली. ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. परदेशी राहणाऱ्या टोंगाच्या लोकांनी ते पहिले दिवस कसे काढले असतील, याची कल्पना मला एका शनिवारच्या सहा तासांवरून थोडीफार करता येते.

आमचे आजोबा सांगत, गावात तारवाला आला की बायका आधीच रडू लागत. तार म्हणजे कोणी गेले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, मी तेव्हा बालवाडीच्या वयाची. तारेला एक मात्र होते, तिला माणसाचा पत्ता लागत असे आणि पत्ता कोणी काढून पाकिटात ठेवू शकत नसे.

काकांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. वडिलांच्या उधारीच्या वहीतही काही बदलले नाही, जरी आठ-पंधरा दिवस मी त्या भीतीत होते. यंदा त्यांना श्रीलंकेचे बक्षीस लागले आहे. परवा ते दुकानात आले आणि पुन्हा मलाच विचारले. मी दोन सिमचा फोन घ्यायला लावला. भजने फोनच्या आतच भरून दिली. हॉटेलचा नंबर, सहलीच्या म्होरक्याचा नंबर आणि आमच्या दुकानाचा नंबर एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून एक प्रत काकांना, एक काकींना दिली. जाताना काकांनी पासपोर्टचे पाकीट उघडून मला दाखवले. आतल्या कापडाला त्यांनी एक सेफ्टी पिन टोचून ठेवली होती.